'पिल्ली' झाडावर चढली

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

महोदय,

मी सोलापुरात स्पीच थेरपिस्ट आहे. आमच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांच्या घरी तेलुगू बोलतात, मूल मराठी शाळेत जातं. गेल्या वर्षी दुसरीतली दोन मुलं एकच शेरा घेऊन आली: 'मराठी येत नाही, गोष्ट सांगता येत नाही, मतिमंद?'

दोघांपुढे मी तीच सहा चित्रं मांडली. घरट्यात भुकेली पिल्लं, आई चारा आणायला जाते, मांजर झाडावर चढतं, कुत्रा त्याची शेपटी ओढतो. मुलगी म्हणाली, "पिल्ली झाडावर चढली, तिला खायचं होतं ना, मग कुक्कानं शेपटी ओढली." तेलुगूत पिल्ली म्हणजे मांजर, कुक्का म्हणजे कुत्रा. वर्गात बाईंना 'पिल्लू झाडावर चढलं' असंच ऐकू येणार! मराठी शब्द तिच्याकडे थोडे. पण कोणाला काय हवं होतं, त्यानं काय केलं, पुढे काय झालं, सगळं जागच्या जागी. हिला थेरपी नको, मराठी कानावर पडायला हवं.

मुलगा चित्रांवर बोट ठेवत गेला. "पक्षी. मांजर. हे कुत्रा. गेला." का गेला? गप्प. आजीला शेजारी बसवून तेलुगूत सांगायला लावलं, तरी तेच. कान चांगले, बुद्धी वयाप्रमाणे. अडचण भाषेतच आहे, म्हणून ती दोन्ही भाषांत दिसते. याला विकासात्मक भाषा विकार म्हणतात. इंग्लंडमधल्या एका पाहणीत नुकत्याच शाळेत आलेल्या मुलांपैकी साधारण 7 टक्क्यांमध्ये तो आढळला.

दोन भाषा बोलल्याने हा विकार होत नाही. तरी त्याच्या आईला शाळेने बजावलं होतं, घरात तेलुगू बंद करा. तिचं मराठी बाजारहाटापुरतं. वर्षभर ती माउली लेकराशी जेमतेम बोलत होती.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत भाषा-विलंब आहे (ते खातं आरोग्याचं, तुमचं नाही, ठाऊक आहे). पण या दोघांना विचारलं गेलं ते मराठीतच. मेळघाटातल्या कोरकू किंवा भामरागडच्या माडिया मुलाचं काय होत असेल? शेरा लिहिण्याआधी मुलाला घरच्या भाषेत एक गोष्ट सांगू द्या, ऐकायला ती भाषा जाणणारं कुणी बसवा, एवढं परिपत्रक तुमच्या हातात आहे.

दुसरं काम दिल्लीचं. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यातल्या 'वाचा व भाषा' या प्रकारात उदाहरणं आहेत ती स्वरयंत्र काढलेल्या किंवा मेंदूच्या इजेने भाषा गेलेल्या माणसांची. विकासात्मक भाषा विकाराचं नाव त्यात नाही. राज्याने केंद्राला तसं कळवावं.

त्या आईला मी तेलुगू पुन्हा सुरू करायला सांगितलंय. शाळेला अजून पटलेलं नाही. तुमचं परिपत्रक आलं तर पटेल.

आपली,
सोलापूरची एक स्पीच थेरपिस्ट