तलावावरच्या सोलर तराफ्यासाठी समस्त गावकऱ्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

मागच्या वैशाखात तलावात पाणी असून आपण टँकरपुढे हंडे लावले. वळवाच्या वाऱ्यात तारा तुटल्या, डीपी जळाली, त्यात पाणी मागे हटल्याने जॅकवेल, म्हणजे मोटारीची काठावरची विहीर, उघडी पडली.

1972 च्या दुष्काळी कामावर आपल्या आज्या-आजोबांनी पाटीपाटीने माती वाहून हा तलाव बांधला. पुढे गाळ काढायची वेळ आली तेव्हा द्राक्षबागायतदारांनी आपापले ट्रॅक्टर डिझेलसकट दिले, खरड छाटणी ऐन तोंडावर असताना! बचत गटाच्या बायांनी दिवाळीचा फराळ विकून टाकीपर्यंतचा पाइप आणला. हेडमास्तर गुरुजींनी पेन्शनच्या पहिल्या पैशातून व्हॉल्व्ह बसवून दिले, पाटीवर नाव मात्र लावू दिलं नाही. मुंबईकर मंडळींनी गणपतीची वर्गणी वळती केली. ही सगळी माणसं समितीच्या कायम स्मरणात आहेत.

आता तलावावर तरंगते सोलर पॅनल बसवायचे आहेत. पॅनल आणि पाणबुडी मोटार एकाच तराफ्यावर, तळाशी नांगर टाकून बांधलेले. पाणी उतरेल तसा तराफाही उतरेल, त्यामुळे मोटार कोरडी पडणार नाही. दिवसा उन्हावर टाकी भरून ठेवायची, म्हणजे रात्री लाईट गेली तरी नळाला पाणी. पाण्यावर पॅनल कमी तापतात, वीज थोडी जास्त देतात. जेवढी जागा झाकली जाईल तेवढं बाष्पीभवनही घटतं. नेहमीची लाईन राहणारच आहे, हा अडचणीचा आधार. तेलंगणात रामगुंडमला 2022 पासून 100 मेगावॉटचा असा प्रकल्प जलाशयावर चालू आहे. आपला अगदी लहान, फक्त पिण्याच्या पाण्यापुरता. आणि पाण्याचा कारभार गावाने हाती घ्यायचा हे शेजारी वाघाड धरणावरच्या शेतकऱ्यांनी केव्हाच करून दाखवलंय, मग आपणच का मागे?

एक बोलणं भाग आहे. मागच्या वेळी वर्गणीचं पावतीपुस्तक निम्मं कोरं परत आलं. नळ चालू असला की मीटिंगला चार डोकी, बंद पडला की सचिवाच्या दारात सगळं गाव. वाईट वाटतं.

घरटी किमान 500 रु., बागायतदारांनी ऐपतीप्रमाणे. रोख दिल्यास पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. होळीच्या आत, कारण परवानगीचा अर्ज व ऑर्डर त्यानंतर लगेच. दोर, वेल्डिंग, श्रमदान चालेल. जमा-खर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागेल. संध्याकाळी सातनंतर मारुती मंदिरात भेटावे.

आपला,
सचिव, पाणीपुरवठा समिती
(ता. दिंडोरी, जि. नाशिक)