बागेच्या फाटकावरच्या सहा ओळींबद्दल आभार

आदरणीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

जुळे सोलापुरातल्या आपल्या बागेच्या फाटकाशी आता एक काळा फळा टांगलेला असतो. औषधाचं तांत्रिक नाव, कोणत्या किडीवर, पंपाला किती, कधी मारलं, तो भाग पुन्हा कधी उघडणार आणि मारणाऱ्याचं नाव, अशा सहा ओळी खडूने लिहिलेल्या. हे पत्र त्या सहा ओळींसाठी. कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला लोक आपल्या कुंडीतला गुलाब दाखवायला आणतात. आम्ही तुमच्यापुढे बागेतल्या फवारणीबद्दलचा चुकीचा अर्ज ठेवला आणि तुम्ही तो बसून नीट केलात.

त्या अर्जात ‘विषारी फवारणी तत्काळ बंद करावी’ एवढंच होतं. बंद करा म्हटलं की ‘नियमानुसार कार्यवाही चालू आहे’ असं उत्तर येणार, तेव्हा तो नियम कोणता हेच विचारा, असं तुम्ही सांगितलंत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात नोंदी मिळतात, खुलासे मिळत नाहीत. म्हणून ‘का मारता’ हा प्रश्न गेला आणि औषधांची बिलं, साठा नोंदवही, फवारणीच्या तारखा व ठेक्याच्या अटींची प्रत, एवढीच मागणी उरली. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. डासांच्या धुराचा परिच्छेद तुम्ही उडवलात तो त्यासाठीच. ते काम वेगळ्या विभागाचं, त्याचा अर्जही वेगळा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराला ३० दिवसांची मुदत. बाकी वाट पाहणं.

उत्तरात आलेल्या ठेक्याच्या अटींत सापडले दोन शब्द: ‘आवश्यकतेनुसार फवारणी’. सगळा घोळ इथेच होता. आवश्यकता कोणाची, ठरवणार कोण, हे कुठेच नाही. मग ठेकेदाराचा माणूस येतो, वार ठरलेला असतो, कीड असो वा नसो पंप रिकामा होतो. बागेसाठी स्थानिक नियम नसला तरी १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आहेतच, आणि डब्यावरचं लेबल हा त्यांचाच भाग, हे तुम्ही दाखवून दिलंत. आपल्याकडच्या द्राक्षवाल्याला ‘लेबल क्लेम’, म्हणजे कोणतं औषध कोणत्या पिकावर आणि किडीवर मंजूर आहे, हा शब्द झोपेतही आठवतो. बागेतल्या जास्वंदीला तोच शब्द लावायचा, हे मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

लेबलावरचा तो तिरपा चौकोन आता इथे येणारी शाळकरी पोरंसुद्धा वाचतात. खालचा अर्धा भाग लाल म्हणजे सर्वात जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. ठेक्याच्या अटींत घालायला तुम्ही लिहून दिलंत की लाल आणि पिवळं बागेत येणार नाही, आणि लेबल फाटलेला किंवा दुसऱ्या बाटलीत ओतलेला माल फाटकातूनच परत जाईल. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हे वाक्य तुम्ही दोनदा अधोरेखित केलंत. बरं केलंत. हिरवा रंग बघून लोक लगेच ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणायला लागतात.

तणनाशकाचा मुद्दा तारखेनिशी मांडलात. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटवर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली: वापर परवानाधारक कीड नियंत्रण चालकांकडूनच. म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून डबा आणून माळीमामांच्या हातात पंप देणं तिच्यात बसत नाही. गाजर गवताला त्याची गरजही नसते. पाऊस पडून माती मऊ झाली की, फुलावर यायच्या आधी, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. फुलल्यावर उपटलं तर बी आपणच पसरवतो, वर अंगाला खाज आणि शिंका. मिठाचं पाणी मारा म्हणणारेही भेटतात; गवत मरतं, पण त्या मातीत पुढे दुसरंही काही धड येत नाही. पावसाळ्यात गाजर गवताच्या पानांची चाळण करणारे पिवळट, काळ्या रेघांचे मेक्सिकन भुंगेरे दिसले तर तो पट्टा तसाच सोडा, हे तुम्ही सांगितल्यावर पुष्कळांना पहिल्यांदा कळलं की ते भुंगेरे आपल्या बाजूचे आहेत.

आणि जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावरच्या पांढऱ्या कापसाखाली औषध पोचत नाही, म्हणून डोस वाढवत नेला तरी आठवड्यात तो पुन्हा हजर. तुम्ही शेंड्याऐवजी खोडाकडे बघायला लावलंत. तिथून मुंग्यांची रांग वर चाललेली: ढेकणाचा गोड चिकटा खातात, बदल्यात त्याला या फांदीवरून त्या फांदीवर नेऊन ठेवतात आणि त्याला खाणाऱ्या मित्रकिडींना हाकलतात. आधी खोडाला चिकट पट्टी, मग लडबडलेले शेंडे कापून पिशवीत बंद, मग पाण्याचा जोरदार फवारा, आणि त्यानंतरच निंबोळी अर्क. या क्रमाने गेलं की बहुतेक वेळा चौथ्या पायरीला फारसं काम उरत नाही.

अर्काचं प्रमाण आता माळीमामांना पाठ आहे. ५ किलो निंबोळ्या भरड कुटून रात्रभर ९ लिटर पाण्यात, सकाळी दुहेरी कापडातून गाळून, वेगळ्या १ लिटरमध्ये विरघळवलेला २०० ग्रॅम साबण घालून, एकूण १०० लिटर. पीठ केलं तर नोझल तुंबतं. ऊन औषधाचा जोर मारतं, म्हणून फवारणी संध्याकाळी आणि त्याच दिवशी संपवायची. वर्षभर पडून राहिलेल्या निंबोळीत दम नसतो. साबण बोअरच्या जड पाण्यात फाटतो, नळाचंच घ्या, असंही तुम्ही म्हणालात. नळाला पाणी सोलापुरात किती दिवसांनी येतं हे तुम्हाला सांगायला नको. दोन पिंपं त्यासाठीच भरून ठेवली आहेत.

टोपणाने मापायची सवय मोडली, हे कदाचित सगळ्यात मोठं काम. एका बाटलीचं टोपण ५ मिलीचं, दुसरीचं १०. लिटरला २ मिली सांगितलं तर १६ लिटरच्या पंपाला ३२ मिली बसतं; ‘चार टोपणं’ म्हणजे कधी २० तर कधी ४०. आता खुणांचा प्लास्टिकचा पेला पंपाच्या पट्ट्यालाच बांधलेला आहे.

एक गोष्ट अजून अडते. संध्याकाळी मधमाश्या परतलेल्या असतात म्हणून ती वेळ बरी, पण माणसंही तेव्हाच येतात. तुम्ही सुचवल्याप्रमाणे बागेचा एकच भाग फीत लावून दुसऱ्या सकाळपर्यंत बंद ठेवतो. फीत ओलांडून चेंडू आणायला जाणाऱ्या पोरांवर उपाय सुचला तर कळवा. निंबोळ्या गोळा करून सावलीत वाळत घातल्या आहेत. कुटायच्या आधी एकदा हातात घेऊन बघून जा.

आपली,
बागेतली सकाळची मंडळी
सोलापूर