दिवाळीची ऑनलाइन खरेदी करण्याआधी वाचा

मंडळाच्या सर्व भगिनींना नमस्कार.

येत्या रविवारी दुपारी ४ वाजता वडगावच्या मंदिराच्या सभागृहात बैठक आहे. विषय एकच: ऑनलाइन येणारा बनावट माल. प्रत्येकीने यावे, घरात मोबाइलवरून खरेदी करणारी मुले-सुना असतील तर त्यांनाही आणावे.

तोवर एवढे सांभाळा:

• प्रेशर कुकर आणि हेल्मेटवर आयएसआय चिन्ह कायद्याने सक्तीचे आहे. चिन्हाखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की खरा उत्पादक कोण ते कळते. नुसते चिन्ह कुणीही छापतो. नकली कुकर फुटला तर जीवावर बेतते, म्हणून यात दोनशे रुपये वाचवू नका.

• सोन्याच्या हॉलमार्कवर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. तोही त्याच ॲपवर तपासा.

• विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि मालाचा मूळ देश दिसत नसेल तर घेऊ नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ही माहिती देणे बंधनकारक आहे.

• 'हातमागाची साडी' म्हणून यंत्रमागाचा माल सर्रास खपवतात. आपल्या शहापूर-वडगावात विणकर असताना साडी तरी हाताने चाचपूनच घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, बिल जपून ठेवा. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसेच लुबाडले गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.

फसवणूक झालेल्यांनी बिल आणि वस्तू घेऊन यावे. तक्रार तिथेच बसून भरू.

– सचिव