फिरत्या दिव्यासमोर बसू नकोस

प्रिय चिऊ,

आबांचा रेकॉर्ड प्लेअर तू पुण्याला नेलास तो गाणी ऐकायला नाही, ड्रीम मशीन करायला, हे काल फोनवर कळलं. बाबा शेजारी होते म्हणून मी नुसतं "बरं" म्हटलं. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. तुझ्या फिटच्या गोळीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलंय. मशीनबद्दलच लिहिते.

ते मशीन कुठून आलं हे तुला माहीत असेलच, तरी मी माझ्या पद्धतीने सांगते. १९५८ च्या डिसेंबरात चित्रकार ब्रायन गायसिन फ्रान्समध्ये मार्सेयजवळ बसमध्ये डोळे मिटून बसला होता. कडेच्या झाडांमधून मावळतीचं ऊन पापण्यांवर लपलप करत पडलं आणि मिटल्या डोळ्यांपुढे रंगांचे आकार उठले. असं का झालं याचं उत्तर त्याला ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टरच्या कामात सापडलं. वॉल्टर मेंदूच्या लहरींचा आलेख काढता काढता माणसांच्या डोळ्यांवर लुकलुकता प्रकाश टाकायचा. मग केंब्रिजमध्ये गणित शिकणाऱ्या इयन सॉमरव्हिलने ७८ च्या गतीचा टर्नटेबल, खाचा पाडलेला नळकांडा आणि मध्ये लोंबता दिवा एवढ्यावर ते मशीन उभं केलं. सेकंदाला ८ ते १३ चमका, डोळे मिटून बघायचं. कलाकृती म्हणून मला ते फार आवडतं. चित्र भिंतीवर नाही, बघणाऱ्याच्या डोक्यात उमटतं, ही कल्पनाच मोठी आहे.

पण रामदासपेठेतल्या त्या अंधाऱ्या खोलीत तुझ्या कपाळाला तारा लावून जो दिवा लुकलुकवला होता, तोही वॉल्टरच्याच वाटेवरचा. सेकंदाला १४ चमकांपासून २० पर्यंत तुझ्या मेंदूच्या आलेखातल्या रेघा उसळल्या होत्या. अहवाल तुझ्या फाईलमध्ये आहे, दुसऱ्या पानावर.

आता हिशेब बघ. ७८ फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला १.३. नळकांड्याला १० खाचा असतील तर १३ चमका. तू म्हणालीस "आपण १२ खाचा कापल्या", म्हणजे १५.६. तुझ्या पट्ट्याच्या आत. मुलं इंटरनेटवरून साचा उतरवतात आणि कागद पुरतो म्हणून दोन खाचा जास्त कापतात, त्याने काय बदललं हे कोणी मोजत नाही. शिवाय खाचांच्या दोन रांगा असतील आणि वरच्या रांगेच्या मधोमध खालची येत असेल, तर डोळ्याला दोन्हींचा प्रकाश लागून वेग दुप्पट होतो. ४५ वर ठेवलात तर १२ खाचांना ९ चमका. आणि आबांच्या प्लेअरचं आतलं रबरी चाक कडक झालंय, वर जाड कार्डबोर्ड चढवला की ते घसरतं. काट्यावर ७८ लिहिलंय म्हणून ७८ फिरेल असं धरू नका. कडेला एक कागदाची पट्टी चिकटवा, मोबाईलवर स्लो मोशनमध्ये घ्या आणि फेरे मोजा. आत १०० वॅटचा पिवळा बल्ब लावू नका, कागद करपतो. १० वॅटचा एलईडी पुरतो.

डोळे मिटल्याने प्रकाश अडतो असं तुला वाटत असेल तर तसं नाही. पापणीतून प्रकाश लाल होऊन आत जातो, डोळ्याच्या आतल्या सगळ्या पडद्यावर पसरतो, आणि लाल तर सगळ्यात वाईट. जपानात १६ डिसेंबर १९९७ ला पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा पडदा सेकंदाला १२ वेळा पालटला आणि ६८५ मुलं दवाखान्यात गेली. अचानक तसा प्रकाश अंगावर आलाच तर एका डोळ्यावर तळहात घट्ट दाबून धर आणि तोंड फिरव. एकच डोळा झाकला तरी मेंदूला पोचणारा धक्का बराच कमी होतो. दोन्ही मिटून उभी राहू नकोस.

हे तुला डॉक्टरांनीही सांगितलंय. मी परत सांगते आहे. सॉरी.

तुझ्या त्या सायट्रान्सवाल्या, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनिक नाचगाणी वाजवणाऱ्या मित्रांना एक गणित मात्र नक्की दे. गाणं १४५ बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १४५ ठोक्यांचं असेल तर ठोका सेकंदाला २.४ वेळा पडतो. स्ट्रोब, म्हणजे लुकलुकणारा दिवा, ठोक्याला बांधला तर २.४, अर्ध्या ठोक्याला बांधला तर ४.८, आणि पाव ठोक्याला बांधला की थेट ९.७. कंट्रोलरवर फक्त एक बटण सरकतं. ब्रिटनमध्ये सार्वजनिक ठिकाणी सेकंदाला ४ चमकांच्या वर जाऊ नका असं सांगतात. तुमच्या हॉलमध्ये दीडशे लोक उभे असतील, त्यात तुझ्यासारखं आणखी कोणी असेल आणि त्याला स्वतःलाच माहीत नसेल. दारावर "लुकलुकता प्रकाश वापरला आहे" असा ठळक अक्षरांत बोर्ड लावा, तिकीट घेण्याच्या आधी दिसेल असा.

आणि पंखा. याचा विचार कोणीच करत नाही. छताच्या पंख्याला तीन पाती, मिनिटाला ३०० फेरे, म्हणजे सेकंदाला १५ वेळा पातं आडवं येतं. पंख्याच्या वर दिवा असेल किंवा प्रोजेक्टरचा झोत पंख्यातून जात असेल तर फुकटचा स्ट्रोब तयार. नागपूरकर पोरगी आहेस, जिथे जाशील तिथे आधी पंख्याखालची जागा पकडशील. बापा, तिथे नको.

बाबांची भीती वेगळी आहे. त्यांना वाटतं असल्या संगीताच्या घोळक्यात पोरं नशेचे कागदाचे तुकडे जिभेवर ठेवतात. ते तुला मी विचारणार नाही, तू तसं करणार नाहीस हे मला माहीत आहे. माझी भीती साधी आहे. शो पहाटे चारला संपतो, सामान आवरून सहा वाजतात, आणि न झोपलेल्या माणसाच्या हातातून सकाळी चहाचा कप उडतो. कप उडाला तर ती फिटची सूचना समज. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, आंघोळीला दाराची कडी लावायची नाही, झोपायचं. रात्रीची गोळी शो संपल्यावर नाही, ठरल्या वेळेलाच, स्टेजमागे असलीस तरी. झालं, लिहिलंच शेवटी गोळीबद्दल.

खरं सांगू, मला हवंय ते हे की तू हे सोडू नयेस. फक्त लुकलुकीच्या बाजूने न जाता द्रवाच्या बाजूने जा. ६० च्या दशकातली माझ्या मते सगळ्यात सुंदर गोष्ट ती आहे. सॅन फ्रान्सिस्कोत सीमोर लॉक्सने १९५२ मध्येच रंगीत द्रव प्रोजेक्टरवर हलवून बघितले होते. लंडनच्या यूएफओ क्लबमध्ये मार्क बॉइल आणि जोन हिल्स, न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट थिएटरला १९६८ पासून जोशुआ लाइट शो नावाची मंडळी. फिलमोर ईस्टला ही मंडळी पडद्यामागून प्रकाश टाकायची, म्हणून गाणाऱ्यांच्या सावल्या पडत नसत. तुमच्या हॉलमध्ये मागे जागा असेल तर तेच करा. पातळ पांढरं कापड ताणून लावा, सुरकुती राहिली तर रंग तुटतो.

ओव्हरहेड प्रोजेक्टर जुन्या कॉलेजांच्या भंगारात मिळतो. बल्ब बहुधा २४ व्होल्ट, २५० वॅट. उघड्या बोटांनी धरू नकोस, बोटाचं तेल लागलेल्या जागी काच तापून फुटते. वॉच ग्लास, म्हणजे प्रयोगशाळेतल्या उथळ गोल काचा, दोन घे, एक मोठी, एक तिच्यात बसेल अशी लहान. मोठीत दोन-तीन चमचे लिक्विड पॅराफिन, त्यात मेणबत्तीवाले वापरतात तो तेलात विरघळणारा रंग. वरून ड्रॉपरने पाण्यात कालवलेला खायचा रंग. मग लहान काच ठेवून बोटाने हळू दाबायची आणि सोडायची. दाबशील तसे थेंब पसरतात, सोडशील तसे आकसतात, ताल तुझ्या बोटात येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच थेंब टाकला की पृष्ठताण मोडतो आणि सगळं खवळून उठतं. एकच, कारण खाली गरम दिवा आहे. बाटली टेबलावर ठेवायची नाही.

पोस्टर कलर, गुलाल, रांगोळी यांतलं काहीही चालत नाही. ते कण असतात, प्रकाश अडवतात, पडद्यावर नुसता काळा चिखल दिसतो. काच साबणाने धुतली आणि साबणाचा अंश राहिला तर तेल-पाणी मिसळून दूध होतं, म्हणून शेवटी स्पिरिटने पूस. समोरासमोरचे रंग, लाल-हिरवा किंवा निळा-नारिंगी, एकाच काचेत घातलेस तर दहा मिनिटांत तपकिरी होतात. एका काचेत शेजारचे रंग ठेव आणि दुसरी काच तयार ठेवून बदलत जा. संत्र्याचं तेल घालून बघायचा मोह तुला होईल, तू माझीच मुलगी. नको. ते पेट घेतं, आणि झिरपून प्रोजेक्टरच्या प्लॅस्टिकच्या भिंगाचा पृष्ठभाग खाऊन टाकू शकतं. आणि थंडीत पुण्याला पॅराफिन इथल्या मे महिन्यासारखं पळणार नाही, बाटली आधी कोमट पाण्यात ठेव.

सेलोफेन चुरगळून दोन पोलरायझरच्या, म्हणजे प्रकाशाची एकच दिशा पार जाऊ देणाऱ्या पट्ट्यांच्या मध्ये ठेवलंस आणि वरचा पोलरायझर हाताने फिरवलास, तर रंग न वापरता रंग दिसतात, आणि ते इतके सावकाश बदलतात की तुझ्या डोक्याला काहीही धोका नाही. हे सगळं दोन-अडीच तास सलग चालवता येतं. तू ते गाण्याबरोबर करशील तेव्हा मला बघायचंय. यायचं भाडं मी ठेवलंय.

तू पाच वर्षांची असशील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या महाल भागात, दादाच्या खांद्यावर बसून तू पिवळी मारबत, मिरवणुकीतला तो मोठा पुतळा, बघितलीस. बाकीची पोरं भ्यायली, तू विचारलंस तिचे डोळे रात्री कुठे जातात. घरी येऊन जे चित्र काढलंस त्यात मारबतीच्या पोटात आणखी एक मिरवणूक होती, तिच्या पोटात आणखी एक. आजीला ते अशुभ वाटलं होतं. मी ते जपून ठेवलंय, कपाटात, तुझ्या रिपोर्टांच्या फाईलखाली. हे लिहायचं नव्हतं, कुठून कुठे आले.

तुझ्या मित्रांना बसवून एकदा सांग, लाज वाटली तरी सांग. फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ घालायचं, तोंडात चमचा-बोट काही घालायचं नाही, कांदा किंवा चप्पल नाकाला लावायची नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. आणि ड्रीम मशीनच्या चाचणीला तू त्याच्यासमोर बसणार नाहीस, दुसरं कोणीतरी बसेल, तू पाठीमागून गती मोजशील. एवढं कबूल कर, बाकी कशाला मी आडवी येणार नाही.

दादाचा मित्र शुक्रवारी पुण्याला निघतोय. त्याच्याजवळ चार वॉच ग्लास, दोन पोलरायझर, ड्रॉपर आणि अर्धा लिटर पॅराफिन पाठवते. तो डॉक्टरांनी लिहून दिलेला गडद निळा चष्माही टाकलाय, तू इथेच विसरली होतीस. गोळ्यांची पट्टी किती उरली ते आजच कळव, म्हणजे सीताबर्डीतून आणून त्याच पिशवीत घालता येईल.

तुझी,
आई