कोस्टा रिका छापलं, बैलगाडी राहिली

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकावर पानभर मजकूर वाचला. ज्वालामुखी, ढगांत बुडालेलं जंगल, झाडाला उलटा लटकून राहणारा तो आळशी प्राणी, समुद्रकिनारे, सगळं आलं. बैलगाडी तेवढी राहिली. ज्या देशाने १९८८ साली बैलगाडीला राष्ट्रीय प्रतीकाचा मान दिला, त्याच्यावर अख्खं पान लिहून गाडीतला ग सुद्धा नसावा, हे सुताराच्या नातवाला पचलं नाही.

मी तिकडे गेलेलो नाही आणि आता जाण्याचं वयही नाही. पण माझी भाची कंपनीच्या कामावर आठ महिने तिथल्या राजधानीत, सान होसेला होती. येताना तिने मामासाठी सारची गावची वीतभर लांबीची गाडी आणली. नारिंगी रंग, चाकाच्या मध्यातून रांगोळीतल्या कमळासारखी फुटत गेलेली नक्षी, पाकळीच्या कडेला केसाएवढी पांढरी रेघ. घरातले रंग बघत बसले, मी चाक बघितलं. त्याला आरेच नाहीत! पाचरीसारखे तुकडे एकमेकांना भिडवून केलेली भरीव तबकडी आणि वरून लोखंडी धाव, म्हणजे चाकाभोवतीची पट्टी. आजोबा असते तर म्हणाले असते, “लाकडाची उधळपट्टी.”

कारण भाचीने सांगितलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथल्या मधल्या खोऱ्यातली कॉफी या गाड्यांतून डोंगर ओलांडून पुंतारेनास बंदरावर जायची. दहा ते पंधरा दिवसांची वाट, तीही चिखलाची. आरे असले की त्यांत चिखल भरून चाक जाम होतं. भरीव चाक चिखल कापत जातं. कृष्णाकाठच्या काळ्या रानातनं ऐन पावसाळ्यात ज्याने भरली गाडी बाहेर काढलीय, त्याला हे समजावून सांगायला नको.

त्याहून मला आवडला तो आवाज. गाडी हिंदकळली की लोखंडी कडी चाकाच्या मधल्या तुंब्यावर आपटते, आणि प्रत्येक गाडीचा नाद वेगळा लागावा अशीच ती घडवतात. आमचे आजोबा नवीन गाडीला चाकं चढवली की आम्हा पोरांना ती रिकामीच गल्लीच्या टोकापर्यंत ढकलायला लावायचे आणि स्वतः कट्ट्यावर डोळे मिटून ऐकत बसायचे. आवाज बसका आला की चाकं पुन्हा उतरायची. गिऱ्हाईक खोळंबलेलं असलं तरी! आम्हाला तेव्हा तो म्हातारचळ वाटायचा.

गाड्या रंगवायची पद्धत तिकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. पूर्वी भागाभागाची नक्षी ठरलेली असायची, चाक बघून गाडी कुठली ते कळायचं. पुढे रेल्वे आणि ट्रक आले, गाडीचं काम गेलं, पण गाडी गेली नाही. २००५ मध्ये युनेस्कोने या परंपरेला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. मार्चच्या दुसऱ्या रविवारी एस्कासूला गाडीवानांचा दिवस असतो, रस्त्यातून नुसत्या बैलगाड्या. १५ मेला सान इसिद्रोचा सण, तेव्हा बैलांना आशीर्वाद देतात. हा संत शेतकऱ्यांचा. तो प्रार्थनेला बसला की देवदूत येऊन त्याचं रान नांगरायचे म्हणे. जनाबाईबरोबर जात्यावर बसणारा विठोबा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

भुताची गोष्टही गाडीचीच. रात्री रस्त्यावरून चाकांचा खडखडाट येतो, दार उघडून बघावं तर गाडी चाललेली आणि जुवाला बैल नाहीत. एका गाडीवानाने देवळासाठी तोडलेलं लाकूड चोरून गाडी केली, म्हणून तो आणि त्याची गाडी कायमची भटकत राहिली, अशी एक कथा सांगतात. बैलांचा मात्र काही दोष नव्हता, म्हणून त्यांना सोडून दिलं! शाप देतानासुद्धा बैलांचा वेगळा हिशेब करणारे लोक मला आपलेच वाटले. भाचीने आणलेली गाडीही बिनबैलांचीच होती. नातीने बेंदराचे, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाचे, मातीचे बैल पुढे उभे केलेत, ते गाडीपेक्षा थोराड आहेत.

पानावरच्या दोन गोष्टी दुरुस्त कराव्यात. अरेनालच्या डोंगरावर “रात्री लाल लाव्हा वाहताना पाहा” असं छापलंय. १९६८ मध्ये जागा झालेला हा ज्वालामुखी २०१० पासून शांत आहे. आणि दिवाळीच्या सुट्टीत जायचा सल्ला दिलाय. सान होसेकडे आणि पॅसिफिकच्या बाजूला ऑक्टोबर म्हणजे भर पावसाचा महिना. कोरडे दिवस डिसेंबर ते एप्रिल. लाखांनी पैसे मोजून जाणाऱ्याला हे आधी कळलेलं बरं.

आता घरचं. बेंदराला आपण दरवर्षी हिंगूळ लावलेल्या शिंगांचा आणि झुलीचा फोटो छापता, तो बघून बरं वाटतं. गाडी करणाऱ्याचा फोटो मी तरी कधी पाहिलेला नाही. आमच्याकडे टायरच्या गाड्या आल्या आणि लाकडी चाकाचं काम बसलं. डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडी शर्यतींना परवानगी मिळाल्यापासून शर्यतीच्या हलक्या छकड्यांची थोडीफार मागणी आहे, त्यावर शेजारच्या गावातले एक म्हातारे सुतार टिकून आहेत. आरे अजून हाताने तासतात आणि धाव शेणीच्या जाळात लाल करून चढवतात. पाणी ओतलं की ती आवळत जाते, तेव्हा चाकाचा कर्र असा आवाज येतो.

पुढच्या बेंदराआधी आपला वार्ताहर पाठवावा, पत्ता मी देईन. फोटो काढणाऱ्याला दिवस उजाडायच्या आत यायला सांगा. म्हातारे कुणासाठी थांबत नाहीत, आणि दिवस वर आला की तापलेल्या धावेचा लाल रंग दिसत नाही.

आपला,
एक जुना वाचक, पलूस (जि. सांगली)