निळ्या केबलची हकिगत

अमळनेर,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू म्हणालास, "दोन-तीनशे रुपयांची केबल ती, फेक आणि नवी लाव." तेव्हा मी नुसतं हूं म्हणून विषय सोडला, कारण मागे ट्रॅक्टर उभे होते आणि मुनीमजी हाका मारत होते. पण तुझं वाक्य मनात राहिलं. त्या केबलपायी मी इतक्या रात्री का घालवल्या, ते तुला सगळं सांगायचं आहे. प्रताप कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला ती तूच मला दिली होतीस. म्हणशील तर थोडं त्यासाठीही.

पारोळ्याकडच्या त्या कापसाच्या जिनिंगचा भुईकाटा, अख्खी ट्रॉली तोलणारा, तू पाहिला आहेस. काट्याच्या डिस्प्लेतून सिरियल वायर निघते, ती तुझ्या निळ्या यूएसबी केबलला लागते आणि तिथून वजन माझ्या लिनक्सवाल्या जुन्या पीसीत येतं. भरलेलं वजन, रिकामं वजन, पावती. चार हंगाम त्यात एक दिवसही खंड पडला नाही. या वर्षी दिवाळीनंतर आवक वाढायच्या आधी मी सिस्टीम अपडेट केली, सोबत नवं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आलं. दोन दिवस मला काही कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारबाबा पावती घेऊन खिडकीशी परत आले. भरलेली ट्रॉली ५३६० किलो, रिकामी ३०, निव्वळ ५३३०. बाबा म्हणाले, "भाऊ, इतला कापूस ते मना पुरा वावरमा बी नही." चूक त्यांच्या फायद्याची होती आणि ती दाखवायला ते स्वतः रांगेतून परत आले होते. खरं रिकामं वजन ३२८० होतं. म्हणजे कापूस २०८० किलो, वीस क्विंटलच्या थोडा वर. मी उभ्या उभ्या घामाघूम झालो. आधीच्या दोन दिवसांच्या सगळ्या पावत्या काढल्या, मुनीमजींच्या वहीशी एकेक ताडून पाहिल्या. चुकलेल्या पावत्यांवरचे आकडे इतके वेडेवाकडे होते की मुनीमजींनी डिस्प्ले बघून हातानेच वजन लिहिलं होतं आणि "प्रिंटर बिघडला" असं समजून मला सांगायचं राहून गेलं होतं. त्यांच्या त्या वहीने वाचवलं.

पहिला संशय अर्थातच केबलवर. मग डिस्प्लेवर, मग अर्थिंगवर, कारण शेजारीच जिनच्या मोटारी चालतात. सगळं सोडून जोडून पाहिलं. शेवटी संध्याकाळी मशीन बंद करून चालू करताना बूटच्या यादीतून जुनं कर्नल निवडलं, आणि वजन चोख! पुन्हा नवं कर्नल, पुन्हा ३०. तीच केबल, तोच काटा, तोच प्रोग्राम. तेव्हा कळलं की आपण चुकीच्या जागी शोधतोय. हंगाम थांबवायचा नव्हता, म्हणून पीसी जुन्या कर्नलवरच ठेवला, त्याचं अपडेट अडवलं, आणि पुढचा तपास घरच्या मशीनवर. मुनीमजींकडून एक जादा डिस्प्ले मागून आणला.

आता यातला जो भाग मला तुझ्यासमोर बसून सांगायचा होता, तो. प्रोग्राम बाजूला ठेवून मी केबलमधून येणारे कच्चे बाइट छापले. एक बाइट म्हणजे आठ बिट, आठ ०-१ ची रांग, आणि प्रत्येक अंकाला त्यात एक ठरलेला नंबर असतो. २ च्या जागी ५० यायला हवं, येत होतं १७८. ८ च्या जागी ५६ हवं, आलं १८४. दोन्हीकडे फरक बरोबर १२८, म्हणजे आठवा बिट चढलेला. पण ३ आणि ० मात्र जसेच्या तसे. मी एका जुन्या पावतीच्या पाठीवर दहाही अंकांचे नंबर बायनरीत, म्हणजे ० आणि १ मध्ये, लिहून काढले. ०, ३, ५, ६, ९ बरोबर येतात. १, २, ४, ७, ८ बिघडतात. पहिल्या गटातल्या प्रत्येक अंकात १ ची संख्या सम आहे, दुसऱ्यात विषम. दोस्ता, रात्री एक वाजता मी स्वयंपाकघरात जाऊन आईला उठवायचाच बाकी होतो!

तुला आठवत असेल, काट्याचा डिस्प्ले सात बिट आणि इव्हन पॅरिटीने बोलतो. सात बिटांत १ किती ते मोजायचे, विषम निघाले तर आठव्या जागी आणखी एक १ टाकून संख्या सम करायची. वाटेत एखादा बिट पलटला तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं. केबल चालवणाऱ्या कर्नलमधल्या ड्रायव्हरने केबलमधल्या चिपला हे सांगायला हवं होतं. नव्या कर्नलमध्ये तो सांगत नव्हता. चिप आठ बिट, पॅरिटी नाही, अशीच ऐकत बसली होती. दोन्हीकडे अक्षराच्या सुरुवातीचा आणि शेवटचा, स्टार्ट-स्टॉप, बिट धरून एकूण दहाच बिट, त्यामुळे वेळ बरोबर जुळत होती, कुठेही एरर नाही, आणि पॅरिटीचा बिट अंकाचाच भाग होऊन येत होता. असले अंक माझ्या प्रोग्रामला ओळखू येत नव्हते आणि तो ते गाळून टाकत होता. ते गाळणं मीच लिहिलेलं. वजनाच्या कामात न कळलेलं अक्षर गाळायचं नसतं, थांबून ओरडायचं असतं. आता तो थांबतो. आणि बघ, आमचा काटा पाचाच्या पटीत वजन दाखवतो, म्हणून शेवटचा अंक ० किंवा ५, दोन्ही नेहमी बरोबर येणारे. ५३६० तर अख्खंच बरोबर आलं. म्हणूनही बिघाड दोन दिवस लपला.

इथे सोपी वाट होती. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये आठवा बिट पुसून टाकायची सोय आहे. एका ओळीत काम. मी ते करून पाहिलं, आकडे छान आले, आणि मी ते काढून टाकलं. पॅरिटी पुसली म्हणजे तपासणीच गेली. मोटारींच्या शेजारून जाणाऱ्या वायरीत एक बिट पलटला तर ३ चं २ होईल आणि कुणालाच पत्ता लागणार नाही. कुणाच्या तरी वर्षाच्या कमाईचं वजन आहे ते. आणि तुझी नवी केबल? तिने माझा काटा सुरू झाला असता. तीच जुनी चिप असलेल्या दुसऱ्या काट्यावर, एखाद्या दवाखान्यातल्या यंत्रावर, तो ड्रायव्हर तसाच मुकाट चुकत राहिला असता.

मग गिट बायसेक्ट. गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा प्रोग्राम. तो लिनक्सच्या टोरवाल्ड्सने २००५ साली कर्नलच्याच कामासाठी लिहिला, आणि चांगलं कर्नल अन् बिघडलेलं कर्नल या दोन टोकांमधलं अंतर दर वेळी निम्मं करत जायची सोय त्यात आहे. एका आवृत्तीपासून पुढच्या आवृत्तीपर्यंत दहा हजारांहून जास्त बदल असतात, तरी चौदाएक फेऱ्यांत माणूस पोचतो. मी शोध फक्त यूएसबी-सिरियलच्या फोल्डरपुरता ठेवला, तर सहाच फेऱ्या पडल्या. लागतात तेवढेच भाग ठेवून बांधलं तरी माझ्या मशीनवर एक कर्नल बांधायला पाऊण तास, त्यात लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. एक तर बांधलंच गेलं नाही, ते वगळायला सांगून पुढे गेलो. दर फेरीला त्या जादा डिस्प्लेवरून आकडे पाठवायचे, बाइट बघायचे, चांगलं की वाईट ते लिहायचं. शेवटी एका बदलावर बोट आलं. कुणीतरी नव्या चिपसाठी कोड आवरता आवरता, बिटांची संख्या आणि पॅरिटी चिपमध्ये लिहिणारी ओळ एका अटीच्या आत सरकवली होती. ती अट जुन्या चिपला लागूच होत नव्हती. वाईट हेतू कुणाचा नाही. त्या माणसाच्या टेबलावर तुझी निळी केबल नव्हती, एवढंच.

मी मेंटेनरना, म्हणजे तो ड्रायव्हर सांभाळणाऱ्या लोकांना, साधा मेल लिहिला. कुठवर चालत होतं, कुठून बिघडलं, कोणता बदल, दहा अंकांचे बाइट. "आधी चालत होतं ते नव्या कर्नलने मोडायचं नाही" हा त्या लोकांचा जुना, कडक नियम आहे. जुनी चिप आहे, नवी घ्या, असं कुणी म्हटलं नाही. चिपची आवृत्ती विचारली, दोन दिवसांत तीन ओळींचा पॅच, म्हणजे कोडची दुरुस्ती, आला. मी तो लावला, दहाही अंक शुद्ध! मग मुद्दाम डिस्प्लेला उलट, म्हणजे ऑड पॅरिटीवर टाकून पाहिलं, तर पॅरिटीची चूक धरली जाते. तेही कळवलं. पॅचवरच्या तपासणाऱ्याच्या ओळीत माझं नाव गेलंय आणि पॅच जुन्या स्थिर कर्नलांनाही जाणार आहे.

ते बाबा परवा दुसऱ्या वेचणीचा कापूस घेऊन आले होते. मी खिडकीतून बाहेर येऊन त्यांना डिस्प्ले आणि पावती शेजारी धरून दाखवली. त्यांनी दोन्हीकडचे आकडे बोट ठेवून वाचले, घडी करून पावती टोपीत ठेवली आणि मान हलवली.

आता एक काम तुझ्याकडे. मेंटेनरनी विचारलंय की याहून जुन्या आवृत्तीची चिप कुणाकडे आहे का. तुझ्याकडे तेव्हा अशा दोन केबली होत्या, दुसरी काळी, तिचं टोक थोडं वितळलेलं. ती टाकली नसशील तर या महिन्यात घेऊन ये. बामणोदची वांगी आली आहेत, आई भरीत आणि कळण्याची भाकरी करेल. रात्री बसून त्या केबलचेही दहा अंक छापून बघू.

तुझाच,
अमळनेरकर