दुसऱ्या टाचणीपाशी काय असतं?

प्रिय मनू,

तू पाठवलेली आकृती पाहिली. पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी लांबट काढलीस आणि सूर्य बरोबर मधोमध बसवलास. रागावत नाहीये; माझ्या लहानपणच्या पुस्तकातलं चित्रही असंच चपटं होतं आणि मी ते कितीतरी वर्षं खरं धरून चाललो होतो.

काल रात्री करूनच बघितलं. पुठ्ठ्यावर दोन टाचण्या टोचल्या, २० सेंटीमीटर दोऱ्याची टोकं त्यांना बांधली आणि पेन्सिलीनं दोरा ताणून फिरवला; असं केलं की लंबवर्तुळ निघतं. टाचण्यांमधलं अंतर भागिले दोऱ्याची लांबी, याला म्हणतात उत्केंद्रता; ती जितकी जास्त तितकी आकृती लांबट. पृथ्वीच्या कक्षेची उत्केंद्रता ०.०१६७, म्हणजे टाचण्यांमध्ये अंतर हवं जेमतेम ३.३ मिलिमीटर. डोकी एकमेकांना अडत होती! निघालं ते चक्क वर्तुळ. लांबी २० सेंटीमीटर, तर रुंदी त्याहून फक्त ०.०३ मिलिमीटरनं कमी. पेन्सिलीची रेघच त्याहून जाड.

मग कक्षा वर्तुळ नसून लंबवर्तुळ आहे हे केप्लर या खगोलशास्त्रज्ञाला सापडलं कसं? मंगळामुळे. त्याची उत्केंद्रता ०.०९३. माझ्या पुठ्ठ्यावर मंगळाची कक्षासुद्धा रुंदीला मिलिमीटरभरही कमी भरत नाही, सूर्य मात्र मध्यापासून ९ मिलिमीटर बाजूला जातो. वर्तुळ धरून मांडलेला हिशेब टायको ब्राहे या खगोलनिरीक्षकाच्या नोंदींशी ८ कलांनी (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) चुकत होता, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव भागानं. दुसऱ्या कुणी नजरचूक म्हणून सोडून दिलं असतं. केप्लर अडून बसला आणि १६०९ साली त्यानं लंबवर्तुळ छापलं. मला त्याचा हा हट्टीपणा फार आवडतो.

आता तुझा फोनवरचा प्रश्न, दुसऱ्या टाचणीपाशी काय असतं? सूर्य एका टाचणीपाशी, म्हणजे एका नाभीत. दुसरीपाशी काहीच नसतं. सूर्यापासून ५० लाख किलोमीटरवरची निव्वळ रिकामी जागा. जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्यापासून १४.७१ कोटी किलोमीटरवर असतो, जुलैच्या सुरुवातीला १५.२१ कोटींवर. वजाबाकी करून बघ, टाचण्यांमधलंच अंतर येतं. (ऋतूंचा याच्याशी फारसा संबंध नाही, ती करामत कललेल्या अक्षाची.)

तुझ्या लांबट आकृतीला खरं गिऱ्हाईक हॅलेचा धूमकेतू, उत्केंद्रता ०.९६७. त्याच्यासाठी टाचण्या १९.३ सेंटीमीटरवर टोचल्या, पण दोऱ्याला ढील उरते सातच मिलिमीटर. पेन्सिल फिरवायला गेलो की टाचणी उपटून येते. पुठ्ठा तसाच ठेवलाय. तू आलीस की एक टाचणी तू धर.

तुझा,
बाबा